गणवेशाच्या आतला स्वेटर

सैन्यात थंडी हुकमाने पडते. हिवाळी गणवेशाचा हुकूम निघेपर्यंत दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीतली कुत्रीसुद्धा स्वेटर घालून फिरायला लागतात, आणि मी अधिकारी असून बाह्या दुमडलेल्या शर्टात कुडकुडत असते. हुकूम निघाला की गणवेशाची जर्सी तेवढी मिळते. वर शाल नको, मफलर नको. आत काय वाटेल ते घाला, पण त्याचा धागाही बाहेर दिसता कामा नये.

नागपूरहून राहायला आलेल्या आईला हे काही केल्या पटेना.

"हा नियम केला कोणी? त्याला आई नव्हती का?"

"असेल गं. तिला कुणी विचारलं नसेल."

त्यात मला खोकला झाला, म्हणजे तिला आयताच पुरावा मिळाला. तिने लोकर आणली आणि आतून घालायचा स्वेटर विणायला घेतला. आईचा हात सढळ, त्यामुळे गळा चढत चढत हनुवटीला टेकला. रंग लालभडक. मी म्हटलं, "आई, हा नाही चालणार."

झालं! दोन दिवस आमचं बोलणं कामापुरतं. नियम हे निमित्त आहे, पोरगी साहेब झाली आणि तिला आईच्या हातचं नकोसं झालं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. मला वाईट वाटलं आणि तितकाच रागही आला. रविवारी मी स्वेटरवर सगळा गणवेश चढवला, तिच्यासमोर सावधानमध्ये उभी राहिले आणि म्हटलं, "कर तूच तपासणी."

कॉलरवर आलेली ती लाल आयाळ बघून तिलाच हसू फुटलं. सुया घेऊन तिने गळा उसवला आणि आखूड करून पुन्हा विणला.

सोमवारी सकाळी तिने मला वाकवलं, वळवलं, हात वर करायला लावले. आमचे वरिष्ठ इतकं बारकाईने बघत नाहीत. "नाही दिसत," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

दूध आणायला म्हणून ती माझ्याबरोबर खाली निघाली. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाई शालीत गुरफटून उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "ठंड नहीं लगती, बेटा?"

"अंदर स्वेटर है," आईच बोलली. "मैंने बुना है. बस, दिखता नहीं."

शेवटचं ती इतकं हळू म्हणाली की मला राहवेना. मी टाय सैल केला, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि पूर्ण गणवेशात, भर लिफ्टमध्ये, बोटभर लाल लोकर बाहेर ओढून त्यांना दाखवली.