घटना लिहायला कोणी बसायचं

नवागाममधल्या आमच्या विहाराच्या मंडळाला नवी घटना हवी, हे एका रविवारी सगळ्यांना मान्य झालं आणि तिथूनच भांडणाला सुरुवात झाली. जुनी घटना म्हणजे मंडळ नोंदवताना कुणा वकिलाने दिलेला छापील कागद. वरच्या मजल्यावरची खोली कशासाठी वापरायची, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

ती खोली हेच माझं दुखणं. सहा वर्षं मी तिथं मुलींची अभ्यासिका चालवत होते. आमच्या गल्लीत एका खोलीत सहा माणसं, एक टीव्ही आणि भिंतीपलीकडे लूमची खडखड. तिथं बारावीचं पुस्तक उघडायचं कसं? मंडळाच्या सेक्रेटरीच्या आणि खजिनदाराच्या मनात मात्र खोली हळदी-साखरपुड्याला द्यायची होती. नव्या घटनेत ‘खोली अभ्यासासाठीच’ हे लिहून घेतलं नाही, तर येत्या लग्नसराईत मुली घरी बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

लिहिणारे अकरा जण असावेत असं ठरलं. पण ते अकरा कोण? माझे वडील तेव्हा मंडळाचे अध्यक्ष होते. चौथीत शाळा सुटलेली, उमेदीची वर्षं डाइंग मिलच्या वाफेत गेलेली. घटना समितीचा विषय निघाला त्याच दिवशी त्यांनी नवी वही आणि दोन पेनं आणली. संविधान दिनाला उद्देशिका वाचताना त्यांचा आवाज दरवर्षी भरून येतो, ते सगळ्या वस्तीला ठाऊक आहे.

आमच्याकडे कुठलंही काम गाववार वाटतात. गावाकडून इथं कामाला माणसं एकाच्या ओळखीने दुसरा अशी आली, गाववाल्यांच्याच खोल्यांत उतरली, त्यामुळे भोजनदानाची पाळीसुद्धा अमक्या गावाची, तमक्या गावाची अशीच लागते. समितीची यादीही तशीच झाली. धुळ्याकडची सहा गावं, जळगावकडची पाच, प्रत्येकाचा एक माणूस. वाचून झाली तेव्हा अकरांत एकही बाई नव्हती. मी विचारत फिरले. माहेरच्या गावाचे म्हणाले, “ताई, तुमचं नाव सासरच्या गावात येईल ना.” सासरच्या गावाचे म्हणाले, “नवरा गेल्यापासून तुम्ही बापाकडे राहता, आम्ही तुम्हाला तिकडे धरलं.” प्रत्येक बाईला दोन गावं, म्हणून कुठल्याच गावाने तिला मोजलं नव्हतं. कुणाच्या मनात पाप नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पुढच्या रविवारी वंदना संपली तशी मी उभी राहिले. पर्वत पाटियाजवळच्या साडीच्या गोदामात मी तीस बायकांवर ओरडते, त्यामुळे मला माईक लागत नाही. म्हटलं, “गाव सोडा, गल्ली धरा. आपल्या अकरा गल्ल्या आहेत. जो आज ज्या गल्लीत राहतो, त्याने तिथं हात वर करायचा, मग खोली भाड्याची असो की मालकीची. आणि पाच गल्ल्यांनी बाईच पाठवायची. कुठल्या पाच, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.”

एक म्हातारबाबा म्हणाले, “भाडूत उद्या खोली खाली करून जाईल. मग घटना पाळणार कोण?”

“बाबा, मालक तरी कुठं अमरपट्टा घेऊन आलाय?” मी म्हटलं. लोक हसले आणि गल्ली मान्य झाली.

तिथं मी थांबायला हवं होतं. पण जिभेला हाड नसतं. मी पुढे बोलले, “आणि आज ज्याच्याकडे मंडळाचं पद आहे, त्याने लिहायला बसायचं नाही. वाढणाराच पंगतीला बसला तर बाकीच्यांच्या पानात काय पडणार?” माझा नेम सेक्रेटरी आणि खजिनदारावर होता. सगळ्यांनी बघितलं मात्र माझ्या वडिलांकडे. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मग पहिला हात त्यांचाच वर गेला, आणि त्यांच्यामागोमाग बाकीचे.

आठवडाभर घरात आम्ही भाजी आणि पाणी एवढ्यापुरतंच बोललो. नियम बरोबर आहे, हे मी स्वतःला भाकरी थापतानाही सांगत होते.

त्यानंतरच्या रविवारी गल्ल्यांनी माणसं निवडली. आमच्या गल्लीला बाईची चिठ्ठी आली आणि सगळ्यांनी माझं नाव घेतलं. मी उठून पुढे निघाले, तोच इच्छापोरला ठेकेदाराकडे काम करणारा शेजारच्या गल्लीतला एक भाडेकरू उभा राहिला. तिशीचा, शांत माणूस.

“ताई, एक विचारू? अभ्यासिकेत कोणाला बसू द्यायचं, कोणाला नाही, ते कोण ठरवतं?”

“मी.”

“मग ते पद नाही का?”

तो खोडी काढत नव्हता, खरंच विचारत होता. मंडळाच्या पदांच्या यादीत अभ्यासिका नव्हती, हे मला तोंडपाठ होतं. ते सांगायला मी तोंड उघडलंही. समोर वडील बसले होते. मला ते बोलवलं नाही. मी जागेवर जाऊन बसले.

माझ्याऐवजी गेली ती घरी साड्यांना खडे चिकटवणारी एक वहिनी. तिला तिन्ही मुलगेच, आणि सभेत ती कधी चकार शब्द बोललेली नव्हती. समिती वरच्याच खोलीत दार लावून बसू लागली. पहिल्याच दिवशी मी तिला जिन्यात गाठलं. “वहिनी, खोलीचं तेवढं लक्षात ठेवा हं.”

“मला सांगू नका ताई. तुमचं ऐकून बोलले तर तुम्हीच बसल्यासारखं होईल,” ती म्हणाली आणि वर गेली. मी चडफडत खाली उभी राहिले. पण ती खोटं बोलली नव्हती.

चार रविवार असे गेले. पाचव्या रविवारी समिती खाली हॉलमध्ये आली आणि कलमं वाचून दाखवू लागली. वडील आत आलेच नाहीत, बाहेर पायरीवर बसून राहिले. मी भिंतीला टेकून ऐकत होते. नववं कलम खोलीचं निघालं. ती अभ्यासासाठीच राहील, असं त्यात लिहिलं होतं. सहा जण त्या बाजूने, पाच विरुद्ध. सहांमध्ये वहिनी होती.

मी धावत बाहेर आले. “अप्पा, राहिली खोली.”

“चांगलं झालं,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, अहिराणीत, “मी नई तं तू मझार बसशी असं वाटनं माले. आपला घरनं एक तरी मानूस घटना लिखाले बसी. म्हनीसन हात वर कया मी.”

तो हात मी आत बसावं म्हणून वर गेला होता, आणि वडिलांनी तत्त्वासाठी हात वर केला, असं मी गोदामात दहा जणींना अभिमानाने सांगितलं होतं. मला माझी लाज वाटली, आणि त्यांचं फार वाईट वाटलं. आत टाळ्या वाजत होत्या.

“चला अप्पा, आत जाऊन पुढचं ऐकू,” मी कसंबसं म्हटलं.

“तू जा,” ते म्हणाले. मी गेले नाही.