पंपाच्या ओट्यावरची जागा

गेल्या रविवारी, ९ फेब्रुवारीला, सकाळी साडेसातला स्कूटरने तलावावर गेलो. त्याआधी शुक्रवारी बाबांची तेरवी झाली होती. त्यांची गळाची पिशवी कुणाला तरी देऊन टाकायची होती.

यवतमाळात जुने राहणारे असतील त्यांना पंपाचा ओटा माहीत असेल... तलावात वीस-पंचवीस पावलं आत गेलेला दगडी ओटा. एके काळी त्याच्या टोकाला पंप होता आणि आमच्या भागातली घरं या तलावाचं पाणी प्यायची. मग धरणाचं पाणी आलं, पंप गेला, ओटा उरला. त्यावर गळ टाकणारे येऊन बसले.

माझ्या लहानपणी रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. भोई लोकांचे डोंगे तिथेच लागत, मासळी तिथेच विकली जाई. सहा दिवस तहसीलमध्ये फायली बघणारे बाबा सातव्या दिवशी तिथे मांडी घालून बसत.

पुढे सुशोभीकरण झालं. रेलिंग, रंगीत दिवे, 'मासेमारीस सक्त मनाई' असा बोर्ड. फोटो काढणारे आले, गळवाले गेले. काही वर्षांत दिवे फुटले, रेलिंग गंजलं, जलपर्णी पसरली... मग फोटोवालेही गेले आणि म्हातारे एकेक करून परतले. आता ते त्या बोर्डावर आपल्या पिशव्या टांगतात.

बाबाही परतले होते. पण दोन वर्षांपूर्वी ओट्याच्या पायरीवरून घसरले, मनगट मोडलं. मी पिशवी माळ्यावर टाकली आणि म्हणालो, आता बस झालं. बाबा काही बोलले नाहीत. ते फारसं बोलतच नसत... मीही त्यांच्यावरच गेलोय.

त्यानंतर ते दर शनिवारी अर्धा किलो सरकीची ढेप, गुरांची पेंड, आणू लागले. आमच्याकडे गाय होती ती मी शाळेत असताना. विचारलं की म्हणत, "लागते." थोड्या वेळाने ढेपेची पिशवी घेऊन फिरायला निघत आणि रिकाम्या हाताने परत येत.

मला वाटलं, विसरायला लागलेत. कुणाच्या तरी गुरांना घालून येत असतील. डॉक्टरांनाही तसंच सांगितलं. दिवाळीनंतर दुकानदाराला सांगून आलो, त्यांना ढेप देऊ नका. त्या शनिवारी बाबा रिकामी पिशवी घडी करून घरी आले.

ओट्यावर दोघंच होते. तलावात हयात गेलेले शंकरकाका भोई आणि रस्त्यापलीकडे पंक्चरचं दुकान असलेले रहीमचाचा. बाबा गेल्याचं त्यांना कळलेलं होतं. दोघांच्या मधे एक जागा मोकळी होती. मी तिथे टेकणार तोच चाचा ओरडले, "ए, उधर नहीं बैठनेका!" मग ओळखलं. "अरे, बाबूसाहब का लडका... बैठ बेटा, तेरीच जागा है."

पिशवी शंकरकाकांपुढे धरली. म्हणालो, तुम्ही वापरा.

"मले कायले? माह्याच गळाले लागून नाही राह्यले."

"इसके हाथ को मेंढक भी नहीं लगता," चाचा म्हणाले.

कुणी हसलं नाही. शंकरकाकांनी डब्यातली भिजवलेली ढेप मूठभर घेतली आणि माझ्यासमोरच्या पाण्यात टाकली. हे काय, विचारलं.

"चारा हाये. रोज एकाच जागी टाकला का मासा तिथंच येते. टाकनं सोडलं का जागा मोडते." मग पाण्याकडे बघतच म्हणाले, "बाबूसाहेब दर शनवारी रहीमच्या दुकानात ढेप ठेवून जायचे. म्हनत, माही जागा मोडू देऊ नका, हात बरा झाला का येतो. दिवाळीपासून ढेप नाही आली. आमाले वाटलं, बिमार असन. मंग आमच्यातलीच टाकून राह्यलो."

मी काय केलं ते त्यांना सांगितलं. दुकानदाराचं, डॉक्टरांचं... सगळं. घरीही अजून सांगितलेलं नाही.

मग शंकरकाका म्हणाले, "बाप मुका, पोरगा मुका. कोन कोनाले सांगन?"

तुझी चूक नाही, असं ते म्हणाले नाहीत. मला तेच बरं वाटलं. बाबांना यायचं होतं... ते विसरले नव्हते. आणि मी बंद केलेली गोष्ट दोन म्हाताऱ्यांनी तीन महिने आपल्या मुठीतून चालू ठेवली. त्या दोघांचे आभार मला तिथे मानता आले नाहीत, म्हणून इथे लिहितोय.

पिशवी परत घेऊन आलो.

आज शनिवार. त्याच दुकानात जाऊन अर्धा किलो ढेप मागितली. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि तोलून दिली. घरी येऊन पिशवीतला बाबांचा चाऱ्याचा डबा घासला, ढेप कुस्करून त्यात घातली, बुडेल एवढं पाणी ओतलं आणि झाकण लावलं.