जांभळ्या साडीचं पॅम्फ्लेट

“पोट्टी, तू माही साडी काहून छापली?”

सिलतऱ्याच्या एका कारखान्याच्या गेटवर पॅम्फ्लेट वाटून आम्ही नुकत्याच ऑफिसात परतलो होतो. फोनवर ताई होती, जिची मुलाखत घेऊन मी ते पॅम्फ्लेट लिहिलं होतं ती. रडत नव्हती, ओरडतही नव्हती. “सुपरवायझरनं गेटवरच थांबवलं. तो म्हणते, कल से मत आना.”

मी समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि रायपुरात बायकांच्या एका संघटनेत काम करते. काम दोन तऱ्हेचं. बायकांच्या मुलाखती घ्यायच्या, हे संशोधन. त्यातून पॅम्फ्लेट लिहून गेटवर वाटायचं, हा प्रचार. पहिल्याला धीर लागतो, दुसऱ्याला राग. माझ्याकडे रागच जास्त आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

ताई पोलादासाठी लागणारं स्पंज आयर्न बनवणाऱ्या एका प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कोळसा निवडायला होती. घरची भाषा आमच्यासारखीच, नागपूरकडची. तिथे सोळा बायका आणि बाथरूम एकही नाही. पुरुषांना आहे. बायकांसाठी म्हणे जागा नाही. साहेबांच्या गाड्यांना सावलीची शेड आहे, बायकांना जागा नाही! म्हणून बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. अगदीच नाइलाज झाला की भिंतीमागे जातात. चौघी चार टोकं धरून साडीचा आडोसा करतात. साडी ताईची. जुनी, जांभळी, पिवळ्या काठाची, रोज डब्याच्या थैलीत घडी करून आणलेली. (साडीचा रंग आणि आणखी दोन गोष्टी इथे बदलल्या आहेत. ताईनेच बदलायला लावल्या. हा मजकूर तिने आधी ऐकलाय.)

तिने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, मिळालं पॅम्फ्लेट.

आमच्या कामात ‘ओळख पुसणं’ म्हणून एक नियम असतो. सोपा आहे. जिने माहिती दिली तिच्यापर्यंत वाचणारा पोचता कामा नये. मी ताईचं नाव सुनीता केलं. वय बदललं, गाव बदललं. साडी ठेवली. नुसती ठेवली नाही, पहिल्या पानावर तिचं चित्र काढून घेतलं. जांभळ्या शाईत.

दुसरा नियम, छापण्याआधी मजकूर त्या बाईला वाचून दाखवायचा. आमच्या संघटनेच्या प्रमुख, ज्यांना सगळे दीदी म्हणतात, त्यांचं अर्धं आयुष्य या कामात गेलंय. त्यांनी विचारलं होतं.

“वाचून दाखवलं?”

“दीदी, फॉर्मवर सही आहे तिची.”

सही मुलाखतीसाठी होती, छापण्यासाठी नव्हती. मला ते माहीत होतं. पण ताईची शिफ्ट सुटेपर्यंत थांबले असते तर बूढ़ापाऱ्यातला प्रेसवाला मशीनवर लग्नपत्रिका चढवणार होता. आणि मला सोमवारी, शिफ्ट बदलताना, गेटवर कागद हवे होते.

फोननंतर दीदी आणि मी थेट प्लांटमध्ये गेलो. एचआरचे साहेब भलते गोड बोलले.

“बाथरूम की बात सही है, मॅडम. बनवा देंगे. पर वो औरत तो ठेकेदार की है, उसमें हम क्या करें?”

“उसको निकाला क्यों? पॅम्फ्लेट में उसका नाम कहाँ है?” मी टेबलावर कागद आपटला.

सुपरवायझर दारात उभा होता. तो हसला. “नाम किसको चाहिए, मॅडम? गेट का गार्ड भी वो साड़ी पहचानता है. सब उसको पर्देवाली बोलते हैं.”

तीन तास मुलाखत घेतली होती मी. तिला प्लांटमध्ये काय म्हणतात, एवढं विचारलं नव्हतं.

मग मी कायदा काढला, आवाज चढवला. साहेब म्हणाले, ठेकेदार से बात कीजिए. ठेकेदार म्हणाला, कंपनी से बात कीजिए. बाकीच्या पंधरा जणींना म्हटलं, एक दिवस काम बंद ठेवा. त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्यावर मी चिडले नाही. चिडायचा हक्क तेव्हा माझ्याकडे उरलाच नव्हता.

बाहेर आल्यावर दीदी एवढंच म्हणाल्या, “आता तिच्या घरी जा. एकटी जा.”

गेले. ताईने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी माफी मागितली.

“तू माफी मांगून राहिली, ते ठीक,” ती म्हणाली. “पण मले विचारलं असतं तं मी सांगितलं असतं, साडी नको लिहू, चादर लिही. काही फरक पडला असता काय तुह्या कागदाले?”

“नाही.”

“मंग? एक फोन करता येत नव्हता? एम.ए. झाली ना तू?”

 

प्लांटमध्ये आता पत्र्याचं बाथरूम आहे. साहेबांनी फीत कापून फोटो काढला. कुलूप लावलंय आणि किल्ली सुपरवायझरकडे असते. आमच्या वार्षिक बैठकीत कुणीतरी याला ‘यशस्वी अभियान’ म्हटलं आणि टाळ्या वाजल्या. ताई पंडरीतल्या एका कापडाच्या गोदामात लागली आहे. दिवसभर उभं राहून तागे गुंडाळते. प्लांटमध्ये तिला परत घेतलं नाही. आम्ही घ्यायला लावू शकलो नाही.

मुलाखतीच्या फॉर्मवर मी एक प्रश्न वाढवलाय. हे छापलं तर तुम्हाला कोण ओळखेल? बऱ्याच जणी ताबडतोब सुपरवायझरचं नाव सांगतात. मग ती गोष्ट कितीही जोरदार असो, तशी छापत नाही. पॅम्फ्लेटं त्यामुळे फिकी होतात. होऊ द्यावीत.