सशाच्या आवाजाने जमलेली सोयरीक

शूर माणसं मी इंदूरात पुष्कळ पाहिली, त्यांतली निम्मी आमच्याच नात्यात आहेत. सगळ्यात शूर माझा साडू. त्याचे पणजोबा दरबारच्या शिकारखान्यात होते. तिथे ते तंबूच्या खुंट्या ठोकायचे. पण साडू सांगायला बसला की दर खेपेला त्यांच्या हातून एक वाघ जास्त मरतो. माळव्यात आज वाघ का दिसत नाहीत, ते मला त्याच्या दिवाणखान्यात कळलं.

त्याच्या मुलीने महूचा मुलगा पसंत केला. मुलाचे आजोबा-पणजोबा फौजेत. वडील पलासियात विम्याच्या कचेरीत बसतात, पण मिशा अशा की सरहद्द जणू त्यांच्याच भरवशावर उभी आहे. दोन्ही बापांचं दुखणं एकच: समोरचा आपल्या तोलाचा नाही. चार वेळा भेटले, पोहे-जिलेबी हाणली, एकमेकांना 'साहेब, साहेब' म्हणत तसेच ताठ उठले. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला निघायच्या बेतात होता. पोरगी रडकुंडीला आली. "काका, तुम्हीच काही करा. आता हे फिसकटलं तर मी दुसरा मुलगा बघणार नाही."

दोघांना कॅमेऱ्याने शिकार करायची हौस होती. म्हणून रविवारी उजाडता उजाडता मी त्यांना सिमरोलच्या पुढे, एका ओळखीच्याच्या शेताच्या कडेला नेलं. जखमी सशाचा आवाज काढला की कोल्हा धावत येतो, ही म्हणे पणजोबांची विद्या. साडूने एक पान दुमडून ओठांत धरलं आणि झुडपाआड बसून फुंकलं. मला तो आवाज नळाला पाणी यायच्या आधीचा वाटला.

गावातली दोन कुत्री आली, त्याच्याकडे बघून परत गेली. मग एक रोजडा, म्हणजे नीलगाईचा नर, आला, घोड्याएवढा. तोही थोडा वेळ उभा राहिला आणि पाठ फिरवून चालता झाला. महूचे साहेब कॅमेरा पुसत म्हणाले की ससा जरा बेसुरा आहे.

हे साडूला झोंबलं. त्याने छातीतला सगळा वारा त्या पानात ओतला. असा टाहो निघाला की आसपासच्या खऱ्या सशांनी सुतक पाळलं असेल. आणि मागच्या गवतातून एक रानमांजर सुटलं ते थेट त्याच्या टोपीवर.

त्यानंतर साडूने जो आवाज काढला, तो मात्र हुबेहूब सशाचा होता.

पुढच्या क्षणाला दोघे वीर एकाच बाभळीवर. एवढ्या काट्यांतून माकडसुद्धा चढत नाही. मी जागचा हललो नाही, कारण माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. जेमतेम दोन खरबुजांएवढ्या वजनाचं ते मांजर टोपी तोंडात धरून आरामात निघून गेलं. फौजेच्या वारसाने वरून विचारलं, "भिया, बिबट्या गेला क्या?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात साडू कण्हला. "समधीजी, जरा सरका ना. ही फांदी मोडतेय."

"सरकतो, समधीजी. पण घरी बिबट्याच सांगायचा."

समधी म्हणजे व्याही; मी तोंड मिटलं. चार बैठकांत जे जमलं नाही ते या भित्र्यांना एका फांदीवर जमलं होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत बिबट्या हातभर लांबला. दारात पोरगी उभी होती. बापाचा फाटका सदरा तिने पाहिला, साहेबांच्या मिशीत अडकलेला काटा पाहिला, आणि विचारलं मला. "काका, खरं सांगा. काय होतं तिथे?"

मागे दोघे खांद्याला खांदा लावून उभे, परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोरांसारखे माझ्याकडे बघत. असल्या माणसांसाठी खोटं बोलायचीसुद्धा मला लाज वाटली. पण पोरीकडे पाहिलं.

"वाघ होता," मी म्हटलं. "पट्ट्यांचा. ह्या दोघांनी हाकलला."

साडूने समधीजींच्या पाठीवर थाप मारली आणि आत ओरडून साखर मागवली.