‘तपासले’च्या रकान्यातली सही

ताज्या काँक्रीटवर अंथरलेल्या ओल्या गोणपाटाचा वास आला की मला वाळूजमधला तो स्लॅब आठवतो. नववीत शाळा सोडून, गावापासून लांब, मी तिथं सळई बांधायचो. ज्या सुपरवायझरनं काम दिलं त्याला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. त्या स्लॅबची सळयांची जाळी मी बांधली, आणि कागदावर ‘तपासले’च्या रकान्यातही त्यानं माझीच सही घेतली. कागदावर आपलं नाव लागलं म्हणून मी खूश! मालकानं वेगळ्या नेमलेल्या तपासणीच्या मॅडम आल्या, तेव्हा काँक्रीटची गाडी येऊन उभी होती. "बांधलं कुणी?" "मी." "तपासलं कुणी?" "मीच." सुपरवायझर म्हणाला, "गडी लई इमानदार आहे मॅडम, ओतू द्या. उशीर झाला तर मला बोलणी बसतात." "म्हणूनच तपासणी तुमच्याकडं नाही," म्हणत त्या वाकल्या. कोपऱ्यात सळया थेट फळीला टेकल्या होत्या, त्यांना उचलून धरणारे खालचे ठोकळे मी विसरलो होतो. तशाच राहिल्या असत्या तर खालून काँक्रीटनं झाकल्या न जाता गंजल्या असत्या. "ह्याला आत्ताच घरी धाडतो!" सुपरवायझर खवळला. "त्याची चूक त्यालाच कशी दिसणार? सही तुम्ही घेतलीत. ठोकळे लावू द्या त्याला," मॅडम म्हणाल्या. गाडी तासभर थांबली आणि मी कामावर राहिलो. आता माझ्या हाताखाली माणसं आहेत. जाळी झाली की तपासणीवाल्यांना मीच फोन लावतो, आणि ते वाकून बघतात तेव्हा मीही शेजारी वाकून कोपऱ्यातले ठोकळे बघतो.