दिवाणखान्यातला खांब

रत्नागिरीत घर बांधणाऱ्याला इंजिनिअर लागतो तो नकाशा मंजूर करून घ्यायला. पुढचं सगळं मालकाला जन्मतःच कळत असतं. भिंतीला तडा गेला की मात्र तीच अक्कल गुंडाळून ठेवून मालक कोर्टात उभा राहतो आणि म्हणतो, साहेब, मी अडाणी, मला यातलं काय कळतं! मग इंजिनिअर माझ्याकडे यायचे. बांधकामाचे दावे लढणारी गावात मी एकटीच होते. बाकीच्या वकिलांचं बागांच्या वाटण्यांवर उत्तम चाललं होतं.

१९९८च्या सुमारास आलेला एक अशील मला चांगला आठवतो. तिशीचा, नुकतंच ऑफिस थाटलेला. एका आंबा बागायतदाराचं घर त्याने बांधलं आणि वर्षभरात दिवाणखान्याचा स्लॅब मधोमध वाकला. बागायतदार म्हणत, तिथे नकाशात खांब होता, इंजिनिअरने तो घातलाच नाही. हा म्हणे, घातला होता, त्यांनीच पाडला. गवंडी कर्नाटकात आपल्या गावी निघून गेलेले, त्यामुळे साक्षीला कुणी नाही. दावा लागला आणि याच्या ऑफिसात माणूस फिरकेना. बाजारात त्याला ‘खांब विसरलेला इंजिनिअर’ म्हणू लागले. दर तारखेला तो एवढंच विचारायचा, “मॅडम, मला इथे राहून काम करता येईल ना?” मी म्हणायची, येईल. कोर्ट पुढची तारीख द्यायचं.

शेवटी जागेच्या पाहणीसाठी कोर्टाने कमिशनर नेमला. हे आमच्यातलेच एक वयस्कर वकील. दोन्ही बाजू त्यांच्याबरोबर घरी गेलो. आता घरी आलेला माणूस कोर्टाचा असला म्हणून काय झालं, पाहुणचार व्हायलाच हवा. कोकम सरबत आलं, नारळाच्या वड्या आल्या. बागायतदारांनी आम्हाला घर असं हौसेने दाखवलं की आम्ही इथे कशाला आलोय, हे तेच विसरले. वाकलेल्या स्लॅबखाली, बरोबर मधोमध, पितळी कड्यांचा झोपाळा टांगलेला होता.

मी म्हटलं, “काही म्हणा, इंजिनिअर कल्पक हो! मधे खांब घेतला असता तर हा झोपाळा कुठला बसायला?”

बागायतदारांच्या वकिलांना ठसका लागला. पण आमच्या रत्नागिरीचा माणूस एक वेळ दावा हरेल, आपल्या डोक्यातून निघालेल्या गोष्टीचं श्रेय दुसऱ्याला जाऊ देणार नाही.

“त्याची कसली हो कल्पना!” बागायतदार उसळले. “तो मधोमध खांब उभा करून गेलेला. मुंबईचे वास्तुवाले म्हणाले, ब्रह्मस्थानात खांब म्हणजे घराचा घात. मी जातीने उभा राहून पाडून घेतला. डोकं माझं आहे, वकीलबाई!”

कमिशनरांनी उरलेली वडी तोंडात टाकली आणि सगळं लिहून घेतलं.

मला वाटलं, जिंकलो. पण अहवालावर हरकती आल्या, न्यायाधीश बदलून गेले, नव्यांनी पहिल्यापासून ऐकायला घेतलं. दावा फेटाळला गेला तोवर काही वर्षं उलटली होती. इंजिनिअर ऑफिस बंद करून पुण्यात दुसऱ्याच्या हाताखाली नोकरीला लागला होता. मी फोनवर निकाल सांगितला. “बरं झालं,” एवढंच म्हणाला. जिंकलेल्या दाव्याचा मला इतका संताप कधी आला नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बागायतदार हसतमुखाने माझ्या ऑफिसात हजर.

“स्लॅब फारच खाली आलाय हो. तुमच्या त्या इंजिनिअरला जरा बघून जायला सांगा. हुशार आहे तो.”

“तुम्ही तर कोर्टात त्याला नालायक म्हणालात.”

“ते कोर्टापुरतं! तिथे तसंच बोलावं लागतं.”

“तो पुण्याला गेला. आता नाही यायचा परत.”

त्यांना मनापासून नवल वाटलं.

“पुण्याला? कशाला? इथे काय कामाला तोटा होता त्याला?”