मांजरीला भेटायला आलेली माणसं

आमच्या सुपे गावात कुणी आजारी पडलं की त्याला सुखानं पडू देत नाहीत, भेटायला जातात. यातून आमची मांजरही सुटली नाही.

मुळात ती आमची नव्हतीच. गोठ्यामागे जन्मलेली, माणसाची सावली दिसली तरी पळणारी. खंगून पडली तेव्हा पोत्यात धरून मी गुरांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी सवयीनं आधी विचारलं, वेत कितवं, म्हणजे कितव्यांदा व्याली? मग रक्त तपासून म्हणाले, मूत्रपिंडं गेलीत, औषधाचा उपयोग नाही. तिला न घाबरता जाऊ द्या, एवढंच तुमच्या हातात आहे.

न घाबरता! मी तिला घरात आणून ठेवलं. बातमी गल्लीत पोचली आणि बायका जोडीजोडीनं येऊ लागल्या. बिस्किटांचे पुडे आले, एकीनं तर शहाळं आणलं. मांजर गव्हाच्या कोठीमागे थरथरत होती आणि मंडळी माझा चहा पीत कोण कसं गेलं ते रंगवून सांगत होती. शेजारच्या मावशी रोज हजर. याच मांजरीला त्यांनी वर्षभर चपला फेकून मारलेल्या. आता कोठीमागे मोबाईलची बॅटरी मारून म्हणायच्या, "लई वाळली बघा. आमची म्हस अशीच गेल्ती."

शेवटी मी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं, मागच्या दारानं आत आले आणि स्वतःच्याच घरात चोरासारखी गप्प बसले. मावशी आल्या, कुलूप पाहून गेल्या.

घर शांत झालं तशी मांजर कोठीमागून बाहेर आली. भिंतीला पाठ लावल्याशिवाय ती कधी बसायची नाही. त्या दुपारी खोलीच्या मधोमध, माझ्याकडे पाठ करून बसली. मी हात पुढे केला नाही. बसल्या जागी ती आडवी झाली आणि ऊन उतरेपर्यंत गेली.

तिला परसात पुरून मी कुलूप काढलं, मावशींना सांगितलं. थोड्या वेळानं त्या पिठलं-भाकरी घेऊन आल्या, मयताच्या घरी नेतात तशी. मांजरीसाठी कुणी पिठलं आणतं का, असं खवचटपणे विचारायला मी तोंड उघडलं आणि रडूच फुटलं.

मावशींनी म्हशीचं नाव काढलं नाही. उंबऱ्यात जाऊन बसल्या आणि भेटायला येणाऱ्या बायकांना बाहेरच्या बाहेर सांगू लागल्या, "ताई निजल्यात. उद्या या."

मी आत भाकरी खात होते. पिठलं खारट होतं.